खानदेशातील नगरांची क्रमवारी
: एक ऐतिहासिक विचार

१

सन २०११ च्या जनगणनेनुसार जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या सुमारे ७९ लाख ३० हजार होती. त्याच वर्षी दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे या छोट्या देशाची खानेसुमारी झाली व तीत सुमारे ३२ लाख ८६ हजार लोकसंख्या नोंदली गेली. क्षेत्रफळाने उरुग्वे खानदेशाच्या सुमारे सातपट आहे. परंतु माणसे मोजली तर खानदेशात दोन उरुग्वे सामावून वर काही लाख माणसे उरतील. नगरांकडे दृष्टी वळविली म्हणजे मात्र हे प्रमाण उलटते. उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ हिची लोकसंख्या त्या वर्षी १३ लाखांच्या घरात होती. म्हणजे देशातील दर पाच माणसांपैकी दोन त्या एका नगरात राहत होती. खानदेशातील सर्वांत मोठे नगर जळगाव. त्याची लोकसंख्या सुमारे ४ लाख ६० हजार, म्हणजे तिन्ही जिल्ह्यांच्या लोकसंख्येच्या शेकडा सहाहूनही कमी.

या तुलनेवरून एक निष्कर्ष सहजच सुचतो, आणि तो अनेकदा मांडलाही जातो. तो असा की, उरुग्वेसारख्या देशात नागरी वस्तीचे अतिरेकी केंद्रीकरण झाले, आणि खानदेशात मात्र ती समतोलपणे विखुरलेली राहिली. हा निष्कर्ष कितपत ग्राह्य आहे, हे पाहण्यासाठी खानदेशातील नगरांची क्रमवारी कोणत्या क्रमाने व कोणत्या कारणांनी घडत आली, याचा विचार करणे अवश्य आहे.

२

नगरांच्या आकारमानाविषयी विसाव्या शतकात दोन कल्पना विशेष मान्यता पावल्या. पहिली मार्क जेफर्सन या अमेरिकन भूगोलवेत्त्याने १९३९ मध्ये मांडली. अनेक देशांत पहिले नगर दुसऱ्याहून कितीतरी मोठे असते व देशाचे सारे कर्तृत्व ते आपल्याकडे ओढून घेते, असे त्याने दाखविले. अशा नगरास मराठीत ‘प्रधान नगर’ म्हणता येईल. दुसरी कल्पना जॉर्ज झिप्फ याच्या नावाने ओळखली जाते. वस्तुतः नगरांच्या बाबतीत ती १९१३ मध्ये फेलिक्स आउअरबाख याने सुचविली होती. झिप्फ हा मूळचा भाषेचा अभ्यासक. एखाद्या ग्रंथातील शब्द त्यांच्या वारंवारतेनुसार क्रमाने लावले, तर दुसऱ्या क्रमांकाचा शब्द पहिल्याच्या निम्म्या वेळा, तिसरा एक तृतीयांश वेळा येतो, असे त्याचे निरीक्षण होते. नगरांची लोकसंख्याही साधारणतः याच नियमाने उतरत जाते, असे त्याने १९४९ च्या आपल्या ग्रंथात प्रतिपादन केले. हा नियम म्हणजे सृष्टीचा कायदा नव्हे, हे उघड आहे. पण मोजपट्टी म्हणून तो उपयोगी पडतो. कारण नियमापासून कोठे व किती ढळले, हे पाहिले म्हणजे इतिहासाला प्रश्न विचारता येतो.

ही मोजपट्टी खानदेशास लावून पाहावी. २०११ मध्ये जळगाव सुमारे ४ लाख ६० हजार, धुळे ३ लाख ७५ हजार, भुसावळ १ लाख ८७ हजार, नंदुरबार १ लाख ११ हजार, चाळीसगाव ९७ हजार व अमळनेर ९६ हजार, असा क्रम होता. जळगावचा आकडा पायाभूत धरला तर चौथ्या व पाचव्या नगरांची लोकसंख्या नियमाच्या बरीच जवळ येते. ढळ आहे तो शिखराशी. धुळे हे दुसऱ्या क्रमांकाचे नगर धरले, तर पहिल्याची लोकसंख्या साडेसात लाखांच्या आसपास हवी होती. तसे नगर खानदेशात नाही. उरुग्वेत नेमके याच्या विरुद्ध आढळते. तेथील दुसरे नगर साल्तो हे २०११ मध्ये एक लाखाच्या थोडे वर होते. माँटेव्हिडिओ त्याच्या बारा पटींहून मोठे. एका ठिकाणी शिखर फाजील उंच, तर दुसऱ्या ठिकाणी शिखराचीच उणीव, असा हा प्रकार आहे.

३

माँटेव्हिडिओचे प्राधान्य कसे निर्माण झाले, हे आधी थोडक्यात पाहू गेल्यास खानदेशाचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. १७२४ ते १७२६ या काळात स्पॅनिश अधिकारी ब्रूनो मावरिसियो दे साबाला याने हे ठाणे वसविले. बंदर, किल्ला व पुढे राजधानी, ही तिन्ही कार्ये एकाच ठिकाणी आली. देशाचा अंतर्भाग म्हणजे विस्तीर्ण कुरणे. तेथे गुरे व मेंढ्या पाळण्याचा धंदा मोठ्या जमीनदारीत चाले, आणि त्यास फार थोडे हात लागत. १८७० नंतरच्या दशकात कुरणांना तारांची कुंपणे पडली, तेव्हा होते तेही पुष्कळ लोक बेकार होऊन नगराच्या वाटेस लागले. १८६९ पासून सुरू झालेले लोहमार्ग हाताच्या बोटांप्रमाणे माँटेव्हिडिओपासूनच पसरत गेले. युरोपातून आलेले इटालियन व स्पॅनिश लोक ज्या बंदरावर उतरले, तेथेच बव्हंशी स्थायिक झाले. १९०८ च्या खानेसुमारीत देशाच्या सुमारे साडेदहा लाख लोकसंख्येपैकी तीन लाखांवर लोक राजधानीत होते. त्यानंतरची खानेसुमारी एकदम १९६३ मध्ये झाली. तोवर हे प्रमाण शेकडा तीसवरून पंचेचाळिसाच्या आसपास गेले होते. १८४९ मध्ये स्थापन झालेले तेथील विद्यापीठ १९८० नंतरच्या दशकापर्यंत देशातील एकमेव विद्यापीठ होते, आणि तेही राजधानीतच. थोडक्यात, बंदर, राजसत्ता, लोहमार्ग व विद्या ही चारही सूत्रे एकाच गाठीत बांधली गेली होती.

४

खानदेशातही एके काळी असे प्रधान नगर होते. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात फारुकी घराण्याचा मूळ पुरुष मलिक राजा याने तापीकाठच्या थाळनेरास आपले ठाणे केले. त्याचा पुत्र नसीर खान याने सन १४०० च्या सुमारास तापीवरच बुऱ्हाणपूर वसविले, व शेख बुऱ्हानुद्दीन यांचे नाव त्यास दिले. १६०१ मध्ये अशीरगड अकबराच्या हाती पडून फारुकी राज्य संपले, तरी बुऱ्हाणपूरचे महत्त्व कमी न होता वाढले. ते मोगलांच्या दक्षिण सुभ्यांच्या कारभाराचे केंद्र बनले; त्याचे विणकाम दूरदेशी प्रसिद्ध झाले; इंग्रजांनीही तेथे वखार घातली. सुरतेहून आग्र्यास जाणारा एक प्रमुख मार्ग या नगरावरून जाई. सत्ता, व्यापार व कारागिरी या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र आल्या होत्या. प्रधान नगराची लक्षणे याहून वेगळी नसतात.

जुन्या क्रमवारीचा एक पुरावा ग्रामनामांतही राहिला आहे. थाळनेर, अमळनेर, जामनेर, पिंपळनेर या नावांतील ‘नेर’ हे पद संस्कृत ‘नगर’ शब्दाचे प्राकृतातून आलेले रूप मानले जाते. खानदेशाबाहेर संगमनेर, पारनेर ही त्याचीच उदाहरणे होत. उलट आजची मोठी नगरे पाहिली तर त्यांच्या नावांत ‘गाव’ हे पद वारंवार आढळते : जळगाव, चाळीसगाव, आणि सीमेपलीकडे मालेगाव. ज्यांच्या नावात नगर आहे, त्यांपैकी थाळनेर आज खेडे आहे. आणि ज्याच्या नावात गाव आहे, ते जळगाव महानगरपालिकेचे शहर आहे. केवळ नावावरून कोणत्याही स्थळाचा इतिहास सिद्ध होत नाही, हे खरे. पण नाव पडले त्या काळी लोकांच्या मनातील क्रमवारी आजच्याहून वेगळी होती, एवढा निष्कर्ष काढण्यास प्रत्यवाय नसावा. खानदेशातील नगरांचा क्रम स्थिर राहिलेला नाही, ही गोष्ट भाषेनेही अशा रीतीने नोंदून ठेवली आहे.

५

अठराव्या शतकाच्या अखेरीस व विशेषतः १८०३–०४ च्या लुटालुटीत व दुष्काळात खानदेश उजाड झाला. धुळे तर काही काळ निर्जन झाले होते. १८१८ मध्ये हा प्रदेश इंग्रजांच्या ताब्यात आला, तेव्हा बुऱ्हाणपूर त्यांच्या या नव्या जिल्ह्याबाहेर राहिले. साहजिकच नवे मुख्य ठाणे शोधणे प्राप्त झाले. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने १८१९ मध्ये धुळ्याची निवड केली. त्या वर्षी धुळ्यात ४०१ घरे व २,५०९ माणसे होती. पुण्याहून हिंदुस्थानाकडे जाणाऱ्या मार्गावरील मध्यवर्ती स्थान, एवढेच त्याचे भांडवल. ब्रिग्जने नवी पेठ आखली व व्यापारी आणि कारागीर यांना तेथे वसण्यास उत्तेजन दिले. धुळे हे अशा प्रकारे राज्यकर्त्यांच्या निर्णयातून वाढलेले नगर होय.

धुळ्यास राजसत्ता मिळाली. पण लोहमार्ग मिळाला नाही. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा मुंबईहून निघालेला मार्ग १८६० नंतरच्या काही वर्षांत खानदेशात आला, तो चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ अशा पूर्वेकडील रेषेने. भुसावळाशी त्यास दोन फाटे फुटले. एक नागपुराकडे गेला व १८६७ मध्ये तेथे पोचला. दुसरा जबलपुराकडे गेला व १८७० मध्ये कलकत्त्याच्या मार्गास जोडला गेला. भुसावळ हे नगर त्या फाट्याचे अपत्य होय. धुळ्यास चाळीसगावहून शाखा आली ती १९०० मध्ये, म्हणजे सुमारे चार दशके उशिरा.

याच वर्षांत अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला व हिंदी कापसाचे भाव कडाडले. तापीचे काळे खोरे कापसाचे, आणि आगगाडी नुकतीच आलेली. या दोहोंचा मेळ जळगावात पडला. कापसाची बाजारपेठ, सरकी काढण्याचे व गठ्ठे बांधण्याचे कारखाने, व त्यांमागोमाग मूळजी जेठा यांची कापडगिरणी, या क्रमाने जळगाव वाढले.

अशा रीतीने उरुग्वेत जी कार्ये एका नगरात गुंफली गेली, ती खानदेशात पन्नास वर्षांच्या आत वेगवेगळ्या गावी वाटली गेली. कचेरी धुळ्यास, कापूस जळगावास, आगगाडीचे वाफारे व वर्कशॉप भुसावळास. १९०१ ची शिरगणती या वाटणीचा आरसाच आहे. त्या वेळच्या अखंड खानदेश जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १४ लाख २७ हजार होती. त्यात धुळे पावणेपंचवीस हजार, चोपडे साडेअठरा हजार, भुसावळ व जळगाव प्रत्येकी सोळा हजारांवर, आणि अमळनेर दहा हजारांच्या आसपास होते. पहिल्या नगरात जिल्ह्याचे शेकडा दोन लोकही नव्हते.

या यादीतील चोपड्याचे स्थान विशेष विचार करण्याजोगे आहे. १९०१ मध्ये ते धुळ्याखालोखाल होते. २०११ मध्ये ते सुमारे ७३ हजार लोकसंख्येसह तिन्ही जिल्ह्यांत आठव्या क्रमांकावर गेले. चोपडे तापीच्या उत्तरेस आहे, आणि लोहमार्ग दक्षिणेस राहिला. जुन्या काळातील संपन्न कसबा नव्या दळणवळणाबाहेर पडला की, तो लहान होत नाही. इतर मोठे होतात, आणि तो जागच्या जागी मागे पडतो. धुळ्याचे तसे झाले नाही, याचे श्रेय रस्त्यांना द्यावे लागते. मुंबई–आग्रा व सुरत–नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्यास एकमेकांस छेदतात. लोहमार्गाने जे नाकारले, ते रस्त्यांनी काही अंशी भरून दिले.

६

कार्यांच्या वाटणीबरोबरच सीमांचाही परिणाम ध्यानात घेतला पाहिजे. एखाद्या प्रदेशात प्रधान नगर आहे की नाही, हे त्या प्रदेशाची रेषा कोठे ओढली यावर पुष्कळसे अवलंबून असते. बुऱ्हाणपूर पुढे मध्य प्रांतातील निमाड जिल्ह्यात गेले व आज ते मध्य प्रदेशात आहे. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा निर्माण झाला, तेव्हा मालेगाव, नांदगाव व बागलाण हे तालुके खानदेशातून निघाले. यंत्रमागांच्या बळावर वाढलेले मालेगाव २०११ मध्ये जळगावहूनही किंचित मोठे होते. १९०६ मध्ये उरलेल्या खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, व जळगावासही कचेरी मिळाली. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळे झाले. प्रत्येक विभाजनाने एका नव्या ठाण्यास बळ दिले. आणि त्याच वेळी सर्व प्रदेशाचे एकच केंद्र होण्याची शक्यता तेवढ्याने मागे सारली.

७

या विखुरलेल्या रचनेने काय दिले व काय दिले नाही, याचे उत्तम उदाहरण म्हणजे अमळनेर. बोरी नदीकाठचे हे गाव संत सखाराम महाराजांच्या संस्थानामुळे व वैशाखातील यात्रेमुळे पूर्वीपासून परिचित होते. १९०० मध्ये सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून आलेला लोहमार्ग येथवर आला, आणि जळगावपर्यंतच्या दुव्याने तो मुंबईच्या मुख्य मार्गास मिळाला. लगेच पुढच्या दशकात प्रतापशेठ यांची कापडगिरणी उभी राहिली. गिरणीच्या पैशातून केवळ धर्मशाळा बांधून प्रतापशेठ थांबले नाहीत. १९१६ मध्ये त्यांनी तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले, व देशातील तत्त्वज्ञानाचे अभ्यासक या दहा-बारा हजार वस्तीच्या गावी येऊन राहू लागले. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात येथे शिक्षक होते. १९४५ मध्ये महाविद्यालय निघाले. १९५२ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी व्युत्पत्तिकोशकार कृ. पां. कुलकर्णी होते, २०२४ मध्ये संमेलन पुन्हा येथे आले. धुळ्यासही इतिहासाचार्य राजवाडे यांच्या मृत्यूनंतर १९२७ मध्ये त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झाले. उरुग्वेच्या अंतर्भागातील एवढ्याशा गावी तत्त्वज्ञानाची संशोधनसंस्था त्या काळी कल्पनेतही आली नसती. केंद्र बलिष्ठ नसते तेव्हा लहान गावांतील कर्तृत्वास वाव मिळतो, हा विखुरलेपणाचा खरा लाभ होय.

परंतु याच गावाची दुसरी बाजू तितकीच बोलकी आहे. डिसेंबर १९४५ मध्ये महंमद हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन केली व तिचा वनस्पती तुपाचा कारखाना अमळनेरास काढला. खोऱ्यातील भुईमूग हे त्याचे कारण. ही कंपनी पुढे विप्रो या नावाने जगभर पसरली. तिचे मुख्यालय आज बेंगळुरूस आहे. कच्चा माल व मजूर येथले. निर्णयाची जागा अन्यत्र. कापसाचीही तीच कथा. जळगावच्या बाजारात भाव पुकारला जाई, पण तो मुंबईच्या बाजाराकडे पाहून, आणि मुंबई लिव्हरपूलकडे पाही. मूळजी जेठा हे नाव जळगावच्या महाविद्यालयास आहे, तसेच ते मुंबईच्या प्रख्यात कापडबाजारासही आहे, ही गोष्ट पुरेशी सूचक आहे. विद्येच्या क्षेत्रातही हेच दिसते. खानदेशातील महाविद्यालये आधी मुंबई विद्यापीठाशी व नंतर पुणे विद्यापीठाशी जोडलेली होती. जळगावास स्वतंत्र विद्यापीठ मिळाले ते १९९० मध्ये.

८

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. खानदेशात प्रधान नगर नाही, हे खरे. पण खानदेशास प्रधान नगर नाही, असे मात्र म्हणता येत नाही. ते मुंबई होय. २०११ मध्ये महाराष्ट्राच्या ११ कोटी २४ लाख लोकसंख्येपैकी सुमारे १ कोटी ८४ लाख लोक मुंबईच्या नागरी समूहात होते. हा समूह पुण्याच्या समूहाच्या साडेतीन पटींहून मोठा होता. खानदेशच्या क्रमवारीतील जी वरची पायरी हरवल्यासारखी वाटते, ती वस्तुतः हरवलेली नाही. ती प्रदेशाच्या सीमेबाहेर, लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाशी आहे. उरुग्वेत अंतर्भाग व राजधानी एकाच सीमेत असल्यामुळे केंद्रीकरण आकड्यांत उघड दिसते. खानदेशाचे आकडे वेगळे मांडले की तेच केंद्रीकरण दृष्टिआड होते, आणि त्यास समतोल असे नाव मिळते.

या भ्रमाचा परिणाम केवळ शास्त्रीय नाही. तिन्ही जिल्ह्यांतील नागरी लोकसंख्येचे प्रमाण २०११ मध्ये शेकडा २८ च्या आतबाहेर होते; सर्व महाराष्ट्राचे ते शेकडा ४५ होते. म्हणजे येथील नगरे विखुरलेली आहेत, त्याचप्रमाणे ती एकूण लोकसंख्येच्या मानाने थोडीही आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापडगिरण्यांस उतरती कळा लागली, तेव्हा गिरणीवर उभ्या असलेल्या गावांना आधार देईल असे मोठे नगर जवळपास नव्हते. माँटेव्हिडिओने आपल्या अंतर्भागास दुर्बल केले, हे नाकारता येत नाही. पण त्या नगरातील कर, मतदान व सार्वजनिक खर्च ही त्याच देशाची होती, व अंतर्भागास तेथे आपला वाटा मागता येत होता. आपले केंद्र परक्या जिल्ह्यात असणाऱ्या प्रदेशास हा हक्क तितक्या सहजपणे बजावता येत नाही. त्याची मागणी राज्याच्या पंक्तीत इतर अनेकांच्या मागणीबरोबर बसते.

तेव्हा नागरी केंद्रीकरणाचा अभ्यास करताना, पहिले नगर दुसऱ्याच्या किती पट आहे, एवढेच विचारून भागणार नाही. कोणत्या प्रदेशाच्या संदर्भात ते पहिले, आणि त्या प्रदेशाचे कापूस, भांडवल, विद्यार्थी व निर्णय कोणत्या दिशेने वाहतात, हेही विचारले पाहिजे. खानदेशाच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर गेली दीडशे वर्षे बव्हंशी एकच आहे. बुऱ्हाणपुरानंतर येथे कोणतेही नगर सर्व प्रदेशाचे केंद्र झाले नाही. धुळे, जळगाव, भुसावळ व अमळनेर यांनी त्या केंद्राची कार्ये आपापसांत वाटून घेतली. आणि त्यांतील जे कार्य सर्वांत मोलाचे, म्हणजे निर्णयाचे, ते त्यांपैकी कोणाच्याच वाट्यास आले नाही.